अर्जासाठी एक, घरासाठी एक

"झाडं मोजता येतील असा काढ," काका म्हणाले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, पण मोजायला उभं काही नव्हतंच. पोफळी एकीवर एक अशा आडव्या झाल्या होत्या की कुठली कुणाच्या हद्दीतली तेही कळेना. मधला गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, त्यांच्याखाली गेलेला. शेवटी काका त्या खोडांवरून तोल सावरत चालत गेले आणि वाडीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला सातबारा. मी बटण दाबलं. माझा पंचनाम्याचा पहिला फोटो तो, ६ जून २०२०.

तीनच दिवस आधी, ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोलीपर्यंतच्या वाड्या काही तासांत झोपल्या. त्या दुपारचं वर्णन मी करणार नाही. तेव्हा माझ्या हातात कॅमेरा नव्हता. मी आणि बाबा माजघराचं दार पाठीने दाबून बसलो होतो.

बाजारात आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबांनी सुरू केला, आता मी चालवते. आमच्याकडे काय छापलं जातं त्यावरून गावाचं कसं चाललंय ते बरंचसं कळतं. बाबा सांगतात, १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावोगावच्या मनिऑर्डरी आटल्या, तेव्हा लोकांनी घरच्यांचे फोटो काढून मुंबईला पाठवणं बंद केलं. पुढे आखाती देशांत जाणारी मुलं वाढली, तेव्हा पासपोर्ट फोटोंसाठी बाहेरच्या बाकावर रांग असायची. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी टाळेबंदी सुरू झाली. अक्षय्य तृतीयेपर्यंतची लग्नं एकेक करून रद्द झाली. घेतलेली आगाऊ रक्कम मी परत केली. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. पावसाळ्यातली मासेमारी बंदीही तोंडावर आली होती, म्हणजे कोळ्यांचा हंगामाचा शेवट, ज्यावर पावसाळा काढायचा, तो आधीच हातचा गेलेला. आणि मग वादळ.

स्टुडिओचे पत्रे उडाले. बाबांच्या निगेटिव्हच्या पेट्या भिजल्या. त्या आम्ही दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. पट्ट्यांवरचा थर सुटून नखाला चिकटायचा. आमच्या अर्जाला दुकानाचा फोटो लागणार होता आणि फोटोत मालक हवा. मग बाबा उघड्या छपराखाली, ज्या पडद्यासमोर त्यांनी अर्ध्या तालुक्याला उभं केलं असेल त्याच्यासमोर उभे राहिले आणि मी तो काढला. बाबांचा मी काढलेला तो बहुतेक पहिलाच नीट फोटो.

त्यानंतर लोक बोलवायला येऊ लागले. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक पंचनामे करत होते, पण एकेकाच्या वाट्याला किती वाड्या येणार! लोकांना भीती एकच. पंचनामा होईपर्यंत झाडं तोडून वाट मोकळी केली, तर उद्या झाडं होती हे सांगणार कसं? घरावर पडलेला माड उचलायचा नाही तर राहायचं कुठे? म्हणून आधी फोटो, मग कुऱ्हाड. मोबाइल बहुतेकांकडे होते, पण वीज नव्हती. खांबच पडले होते आणि कित्येक वाड्यांत वीज यायला महिना उलटला. एका गॅरेजवाल्याच्या जनरेटरवर मी बॅटऱ्या भरायचे आणि प्रिंटरही तिथेच नेऊन ठेवला होता. कागद आणि शाई माणगावहून येणाऱ्या दुधाच्या गाडीतून. पहिले दहा दिवस पैसे घेतले नाहीत. नंतर कागदापुरते घ्यावे लागले. ते मागताना जीभ जड व्हायची, पण घरात तेवढीच मिळकत होती.

या कामाचे नियम मला हळूहळू कळले. मालक फोटोत हवा आणि चेहरा ओळखू यायला हवा. मागे नुकसान दिसायला हवं. घराचं असेल तर आढं, वासे, नळे, पडलेली भिंत, आणि ते घर कुणाचं हे कळायला एखादी शाबूत खूण, म्हणजे तुळशीवृंदावन, घरपट्टीचा क्रमांक, ओटीचा खांब. वाडी असेल तर दोन फोटो: एक उंचावरून, एक बुंध्यांजवळून. माड मुळासकट उपटलाय की मध्येच मोडलाय, पोफळ पिळवटलीय की पडलीय, हे वेगवेगळं दाखवायचं. शेंडा मोडलेली पोफळ लांबून उभी दिसते, पण ती मेलेली असते. पंचनाम्याला आलेला माणूस घाईत असला तर अशी झाडं सुटून जायची. मग मी काकांना सांगायचे, त्या झाडाला हात लावून उभे राहा.

दिवसाला पंधरा-वीस घरं व्हायची. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की मला फक्त पडलेलंच दिसतंय. एखाद्या घरात शिरताना नजर आधी छपराकडे जायची. एका पाखाडीत एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. घराची मागची बाजू पूर्ण गेली होती. मी त्यांना म्हटलं, "आजी, इथे या ढिगावर बसा, मागे भिंत येईल." त्या वेळी मला हे साधं वाटलं. पण मनात फोटो तयार होता: ढिगारा, त्यावर वाकलेली म्हातारी, अनवाणी पाय. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "घर पडलंय माझं, मी नाही पडलेली. थांब जरा." आत गेल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या त्या इस्त्रीची नसली तरी घडीची नऊवारी नेसून, केस विंचरून, कपाळावर बुक्का लावून. ढिगाशेजारी उभ्या राहिल्या, ताठ. मी तसाच फोटो काढला.

तो अर्ज परत आला. फोटोत नुकसान नीट दिसत नाही, दुसरा आणा, असा निरोप. खरं होतं ते, त्या मध्ये असल्यामुळे भिंत अर्धी झाकली होती. मी पुन्हा गेले. मला वाटलं रागावतील. त्यांनी तीच नऊवारी पुन्हा नेसली आणि या वेळी जरा बाजूला उभ्या राहिल्या. "आता दिसते का भिंत?" दिसत होती. तो फोटो अर्जाला लागला. पहिला मी मोठा छापून त्यांना नेऊन दिला. त्या दिवसापासून ठरवलं, प्रत्येक घरात दोन फोटो काढायचे. एक अर्जासाठी, त्यात सरकार म्हणेल तसं. आणि एक घरासाठी, त्यात माणूस म्हणेल तसं.

दुसऱ्या फोटोसाठी लोकांनी जे जे निवडलं ते मी स्वतः कधी सुचवलं नसतं. एकीने बेगमीच्या फळीसमोर उभं राहून काढून घेतला: आमसुलं, फणसपोळी, सुकट, डाळी, सगळं वरच्या फळीवर होतं म्हणून वाचलं होतं. एका चाचांनी सौदीला असतानाची सूटकेस ओटीवर आणून तिच्यावर हात ठेवला. टाळेबंदीत नोकरी सुटून परत आले होते. बंदरावर एका तांडेलाने ताडपत्रीखालची होडी उघडली आणि सगळ्या खलाशांना जाळी विणताना घ्यायला सांगितलं. "रिकामे बसलोय असं नको दिसायला," म्हणाला. एका मुलीने पडक्या गोठ्यात वासराबरोबर. पोफळींच्या काकांनी वाडीत नकोच म्हणून सांगितलं आणि सुपारी मोजायच्या जुन्या लाकडी मापासोबत ओटीवर बसले.

प्रत्येक फोटोमागे मी वहीत लिहू लागले. नाव, वाडी, तारीख, किती झाडं होती, किती राहिली, ते काय बोलले. पैशांच्या बाबतीत विचारूनच लिहायचे. सोनंतारणाच्या पावत्या, सोसायटीचं कर्ज, वाण्याकडची उधारी, हे लोक बोलून दाखवायचे आणि लगेच म्हणायचे, "हे नको लिहूस." मग नाही लिहिलं. वाण्याची उधारीची वही मात्र त्याने आपण होऊन उघडून दिली, नावांवर हात ठेवून. तो हात आणि खालचे आकडे, असा फोटो आहे माझ्याकडे.

नुकसानभरपाईचा हिशेबही तेव्हा ओट्या-ओट्यांवर चालायचा. बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले होते. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्याकडे हेक्टर कुणाकडे आहे? वाड्या गुंठ्यांत. कुणाची पाच गुंठे, कुणाची बारा. गुंठ्याला साधारण ५०० रुपये. तेवढ्यात पडलेली झाडं बाहेर काढायची मजुरीही सुटत नाही. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं, माडाचंही तसंच, आणि त्याखालची मिरी, जायफळ, केळी ऊन लागून करपलेली. हेक्टरवर नको, झाडामागे द्या, अशी मागणी म्हणूनच जोरात होती. ही आकडेमोड एका फोटोत कशी मावणार, हे मला आजही नीट सुटलेलं नाही. म्हणून वही.

नेटवर्क आल्यावर एका शिक्षक मित्राने मला काही जुने फोटो पाठवले आणि म्हणाला, हे बघ, तू करतेस तेच काम. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली, वर शेतीभागात दुष्काळ आणि धुळीची वादळं. तेव्हा तिथल्या सरकारने १९३५ मध्ये गरीब शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक खातं काढलं. पुढे त्याचंच नाव फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झालं. या खात्याने फोटोग्राफर नेमले: डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली, आर्थर रॉथस्टीन, मॅरियन पोस्ट वॉलकॉट आणि इतर. मदत का द्यायची हे लोकांना पटावं म्हणून फोटो. म्हणजे एका अर्थी अख्ख्या देशाचा पंचनामाच. ते फोटो आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह, आणि कुणालाही बघता येतात. मी जनरेटरशेजारी बसून मोबाइलवर रात्र-रात्र बघितले.

मला सगळ्यात जवळचे वाटले रसेल लीचे, पाय टाऊन नावाच्या छोट्या वस्तीतले, १९४० चे. अर्धवट जमिनीत खणलेल्या घरात राहणारे शेतकरी, पण फोटोत पंगत आहे, गाणी आहेत, बाटल्यांत भरून ठेवलेल्या भाज्यांसमोर उभी घरधनीण आहे. आमची बेगमीची फळीच ती! कुणीतरी तिलाही विचारलं असणार, कुठे उभं राहायचं तुला?

आणि मग मला त्या खात्याच्या फोटो विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर कळला. कुठे जाऊन काय टिपायचं याच्या याद्या तो फोटोग्राफरांना लिहून द्यायचा. त्या याद्या वाचण्यासारख्या आहेत, मी त्यांवरून माझी एक केली. पण नापसंत निगेटिव्हना तो चक्क भोक पाडायचा. आजही त्या फोटोंत काळा गोल ठिपका दिसतो, कुणाच्या चेहऱ्यावर, कुणाच्या शेतावर. तो बघून माझ्या पोटात खड्डा पडला. पहिल्या आठवड्यात कार्ड भरलं म्हणून मी कितीतरी फोटो पुसले होते. जे अर्जाला चालणार नव्हते ते. कुणी हसलं होतं, कुणाचं पोर मध्ये आलं होतं. भोक तरी दिसतं. माझे तर गेलेच.

डोरोथिया लँगचा तो प्रसिद्ध फोटो मी आधीही कुठेतरी पाहिला होता: मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाण्याचं पीक गेल्यामुळे अडकलेले मजूर, हनुवटीला हात लावून बसलेली आई आणि खांद्यांआड तोंड लपवलेली मुलं. त्या बाईचं नाव लँगने विचारलंच नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्सन हे नाव जगाला कळलं ते १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी. त्या फोटोतून तिला काही मिळालं नाही आणि तो काढू दिला याचा तिला खेद होता. फोटोमुळे त्या छावणीला मदत पोचली हेही खरं, पण ती पोचेपर्यंत हिचं कुटुंब पुढच्या गावी गेलं होतं.

हे वाचताना मी उठून बाहेर जाऊन बसले, कारण तोवर माझ्या हातूनही तसंच घडलं होतं. जूनच्या मध्यात मुंबईहून एकाने वर्तमानपत्रासाठी फोटो मागितले आणि मी दोन-चार पाठवले. त्यात एका काकूंचा होता, चुलीपाशी डोक्याला हात लावून बसलेल्या. छापून आला, खाली 'निराधार' असा शब्द. काकूंना दोन मुलगे आहेत, जावई आहे, सगळे मुंबईत अडकलेले. तो फोटो मोबाइलवरून फिरत फिरत व्याह्यांपर्यंत गेला. काकू मला काही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर बाजारात दिसल्या की भाजीवालीशी बोलत राहायच्या. मी दोन महिने त्यांच्या आळीतून जायचं टाळलं. गणपतीत गेले, २२ ऑगस्टला. चाकरमानी आधी येऊन विलगीकरणाचे दिवस संपवून घरी आले होते, मुलगेही आले होते. मी ओटीवर उभी राहून सगळ्यांसमोर माफी मागितली. काकूंनी खिरापत हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता काढ. सगळे आहेत." मुलगे, सुना, नातवंडं, मखर, आणि वर निळी ताडपत्री, कारण नळे अजून मिळाले नव्हते. तो फोटो मी त्या वर्तमानपत्राला पाठवला. छापला नाही.

त्यानंतर विचारल्याशिवाय आणि प्रिंट हातात दिल्याशिवाय एकही फोटो मी गावाबाहेर दिलेला नाही.

काम जुलैत संपेल असं वाटलं होतं, संपलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं आणि नव्याने चढवलेले पत्रे पुन्हा उडाले. त्याच महिन्यात लोक स्टुडिओत येत होते ते वेगळ्याच कामाला, करोनात गेलेल्यांच्या फोटोंसाठी. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, लग्नातल्या गर्दीतला एखादा चेहरा, तेवढाच मोठा करून फ्रेमला द्यायचा. एका माणसाकडे वडिलांचा एकही फोटो नव्हता. मी माझी वही काढली. जून २०२० मध्ये त्यांच्या वडिलांचा 'घरासाठी'वाला फोटो काढला होता, पंपघराच्या दारात, खांद्यावर पंचा. तो छापून दिला. जुलैच्या पुरात महाडचा बाजार बुडाला, माझा कागदवाला त्यातच होता. नोव्हेंबरपासून एसटीचा संप, तो एप्रिलपर्यंत. रिकाम्या आगारात वाळत घातलेल्या मिरच्या, हा त्या काळातला माझा एक फोटो. स्टॅंडवरच्या चहावाल्याने तो मागून घेतला आणि टपरीत लावलाय.

आता पहिल्या वाडीकडे येते. २०१९ मध्ये त्याच काकांच्या मुलीचं केळवण झालं होतं, तेव्हाचे फोटो माझ्याकडे आहेत. डिजिटल फाइलमध्ये फोटो कुठल्या आकड्यांवर काढला ते आपोआप नोंदलेलं राहतं. एका संध्याकाळी मी सहज बघितलं. अंगणात मुलगी उभी आहे तिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदना, २००, भिंगाचं छिद्र एफ ८ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/२५०. आणि पाच मिनिटांनी तीच मुलगी वाडीत, पोफळींखाली, तर आयएसओ ८००, एफ २.८, शटर तेच. मधला फरक पाच स्टॉप, आयएसओचे दोन आणि छिद्राचे तीन. एकेका स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे अंगणात वाडीपेक्षा ३२ पट उजेड होता. भर दुपारी वाडीत शिरलं की डोळ्यांना क्षणभर काही दिसायचं नाही, गार वाटायचं, तो काळोख या आकड्यांत होता.

६ जून २०२० चा फोटो उघडला. अंगण आणि वाडी, दोन्हीकडे सारखेच आकडे.

तेव्हापासून दर वर्षी ३ जूनच्या आसपास मी दुपारी तिथे जाते. काकांनी गडग्याचा एक दगड चुन्याने रंगवून ठेवलाय, त्यावर मी उभी राहते. आधी अंगण मोजते, मग वाडी. २०२१ मध्ये फरक नव्हता. हातभर रोपं आणि त्यांना ऊन लागू नये म्हणून काठ्यांवर बांधलेले झाप. २०२२ मध्ये केळी उंच झाल्या, पण सावली तुटक, पाऊण स्टॉपसुद्धा होईना. काका त्या वर्षी खचले होते, बोलले नाहीत फारसं. मुलगा पनवेलला नोकरीला लागला. २०२३ मध्ये एक.

२०२४ मध्ये मी गेले तेव्हा काका शिंपण्याचा पाट दुरुस्त करत होते. दगडावर उभी राहिले, मीटर बघितलं, पुन्हा अंगणात जाऊन खात्री केली.

"किती?" त्यांनी कुदळ न ठेवताच विचारलं.

"दोन, काका."

ते ओटीवर गेले आणि सुपारीच्या मापाशेजारची त्यांची स्वतःची वही घेऊन आले. तिच्यात खताचे, मजुरीचे आकडे. शेवटच्या पानावर माझे गेल्या वर्षांचे आकडे त्यांनी उतरवून ठेवले होते, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी खाली लिहिलं, '२०२४ – सावली २', आणि पुढच्या ओळीवर २०२५ घालून रेघ मारून ठेवली.